व्हॉट्सॲप ग्रुप सहा, टीम्स वेगळं, तरी मशीन बंद पडलं की उत्तर सापडत नाही – काय करायचं?

कुंडईचा_मेंटेनन्सवाला

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक होणार आहे पण वाचून मत द्या, मला खरंच गरज आहे.

मी गोव्यात कुंडई इस्टेटमधल्या एका बॉटलिंग युनिटमध्ये मेंटेनन्स बघतो. माणसं ९० च्या आसपास, तीन शिफ्ट. आमचे सगळ्यात जुने फिटर, सगळे त्यांना मामाच म्हणतात, मार्चमध्ये रिटायर झाले. २६ वर्षं त्याच लाईनवर. आणि जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस लागला त्या शनिवारी संध्याकाळी कॅपिंग मशीन बिघडलं, बूच कधी घट्ट बसतंय कधी सैल, काही पॅटर्नच नाही. टॉर्क बघितला, क्लच बघितला, सेन्सर बदलला, मॅन्युअल पालथं घातलं, साडेचार तास लाईन उभी. मामा सत्तरी तालुक्यात गावी, तिकडे रेंज नाही, रात्री नऊला कसाबसा फोन लागला. ते म्हणाले अरे एफआरएलची, म्हणजे हवेच्या लाईनवरच्या फिल्टरची, वाटी बघ, पाण्याने भरली असणार, पावसात हवा दमट असते, कॉम्प्रेसरमधून पाणी लाईनमध्ये येतं, ते सोलेनॉइड व्हॉल्व्हपर्यंत गेलं की त्याच्या आतला स्पूल अडकतो, म्हणून पावसाळ्यात दर शिफ्टला ड्रेन करायचं. वाटी रिकामी केली, व्हॉल्व्ह उघडून पुसला, वीस मिनिटांत लाईन चालू.

पण मला खरं लागलं ते पुढचं. मामांनी हे आधीच सांगून ठेवलं होतं! दोन वर्षांपूर्वीच्या पावसात, आमच्याच मेंटेनन्स ग्रुपवर, दीड मिनिटाचा व्हॉइस मेसेज. एका हेल्परच्या फोनमध्ये तो सापडला, चार दिवसांनी. माझा फोन मधल्या काळात बदलला त्यामुळे माझ्याकडे नव्हता, आणि असता तरी व्हॉइस मेसेज मी शोधणार कसा.

गेल्या वर्षी कंपनीने टीम्स आणलं, मायक्रोसॉफ्टचं ऑफिसातल्या चॅटचं ॲप. चॅनल उघडली, ट्रेनिंग झालं, आज तिथे फक्त रजेचे मेसेज असतात. शेअरपॉइंटवर, म्हणजे कंपनीच्या फाईली ठेवायच्या जागी, एक फोल्डर आहे त्यात 'फायनल', 'फायनल २' आणि 'फायनल नवीन' अशा फाईली. आता साहेब म्हणतात नॉलेज मॅनेजमेंटचं प्रपोजल दे, चवथीच्या आधी. मला कळत नाही की हे चॅट, ग्रुप, चॅनल वगैरे नॉलेज मॅनेजमेंटचाच भाग धरायचे की ते वेगळं आणि हे वेगळं? व्हॉट्सॲप बंदच करून टाकावं का? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा.

---

पर्वरीतला_सिस्टिमवाला

पहिली गोष्ट, व्हॉट्सॲप बंद करू नका. मामांची टीप मुळात जन्माला आली ती तिथेच. बंद केलंत तर लोक दुसरा ग्रुप काढतील ज्यात तुम्ही नसाल, मग तेवढंही हाताला लागणार नाही.

थोडं मागे जाऊन सांगतो म्हणजे गोंधळ सुटेल. नव्वदच्या दशकात कंपन्यांचं नॉलेज मॅनेजमेंट म्हणजे एक मोठा डेटाबेस, तज्ज्ञांनी लिहायचं, बाकीच्यांनी वाचायचं. लिहायला कोणाला वेळ नाही आणि जे लिहिलं ते वाचायला कोणी जात नाही. १९९५ मध्ये वॉर्ड कनिंगहॅम या प्रोग्रॅमरने पहिली विकी काढली, कल्पना साधी, वाचणाऱ्यालाच पान दुरुस्त करता आलं पाहिजे. हवाई भाषेत विकी म्हणजे झटपट, होनोलुलू विमानतळावरच्या बसचं नाव होतं ते. २००६ मध्ये अँड्र्यू मॅकॅफी यांनी कंपनीच्या आत अशी साधनं वापरण्याला 'एंटरप्राइज २.०' नाव दिलं, मग २००८ ला यामर हे कंपनीच्या आतलं सोशल नेटवर्क आलं, जे मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये विकत घेतलं. स्लॅक तर एक गेम बनवणाऱ्या कंपनीने स्वतःच्या कामासाठी केलेलं साधन, गेम चालला नाही, साधन चाललं. स्लॅक या नावाचं फुलफॉर्मच मुळी 'सर्चेबल लॉग ऑफ ऑल कॉन्व्हर्सेशन अँड नॉलेज', म्हणजे बोलणं आणि त्याची नोंद एकच व्हावी ही मूळ इच्छा.

इच्छा चांगली पण निम्मीच खरी ठरली असं माझं मत. चॅट म्हणजे व्हाळ, ओढा हो. पावसात दुथडी भरून वाहतो आणि मार्चमध्ये त्यातच पाणी शोधायला गेलात तर खडक. पाणी हवं असेल तर बांध घालावा लागतो, कोणीतरी उभं राहून. तुमच्याकडे व्हाळ सहा आहेत, बांध एकही नाही. टीम्स आणून तुम्ही सातवा व्हाळ काढलात.

साधनं निवडताना एक बघाच, जुनं किती दिवस दिसतं. स्लॅकच्या फुकट प्लॅनमध्ये २०२२ पासून फक्त शेवटच्या ९० दिवसांचे मेसेज दिसतात. तुमची पावसाळ्यातली टीप पुढच्या पावसाळ्यात दिसणारच नाही! आणि कंपनीचं साधन कंपनी बंदही करू शकते, मेटाचं 'वर्कप्लेस' २०१६ ला आलं आणि २०२४ मध्ये त्यांनी ते बंद करणार म्हणून जाहीर केलं, मग डेटा बाहेर काढायची धावपळ. म्हणून जे टिकायला हवं ते अशा जागी ठेवा जिथून उचलून दुसरीकडे नेता येईल. टीम्स आहे तर त्याच्यातच शेअरपॉइंटची पानं करा, नवीन काही घेऊ नका. नसतं तर मी डोकूविकी सांगितलं असतं, फुकट आहे, डेटाबेस लागत नाही, सगळं साध्या टेक्स्ट फाईलमध्ये राहतं, जुन्या पीसीवर चालतं.

---

म्हापशाचे_काका

मी या कॉम्प्युटरच्या जगातला नाही पण विषय माझ्या जिव्हाळ्याचा म्हणून लिहितो. मी तीस वर्षं फोटोकॉपी मशीनं दुरुस्त करत फिरलो, पेडण्यापासून काणकोणपर्यंत, स्कूटरवर. कंपनीने जाडजूड पुस्तक दिलेलं, एरर कोड हा आला तर हे करा, तो आला तर ते करा. पण मशीन पुस्तक वाचून बिघडत नाही हो. समुद्राजवळच्या हॉटेलातलं मशीन आणि फोंड्याच्या कोर्टासमोरच्या दुकानातलं मशीन, मॉडेल एकच, बिघडायच्या तऱ्हा वेगळ्या. पावसात कागद ओला होतो, दोन दोन पानं एकदम खेचली जातात, त्याला पुस्तकात काही नाही. मग आम्ही काय करायचो, मडगावला एका हॉटेलात शुक्रवारी चार पाच जण भेटायचो आणि चहा पीत ह्याच गोष्टी. मला काम आलं ते त्या टेबलावर.

पुढे खूप वर्षांनी कळलं की झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रातल्या ज्युलियन ऑर नावाच्या माणसाने ऐंशीच्या दशकात नेमका याच्यावरच अभ्यास केला, टेक्निशियन लोकांबरोबर फिरून. त्याला दिसलं की मशीनं दुरुस्त होतात ती मॅन्युअलपेक्षा एकमेकांना सांगितलेल्या किश्श्यांमुळे. त्यावरून पुढे नव्वदच्या दशकात त्यांनी 'युरेका' नावाची सिस्टिम केली, सुरुवात फ्रान्समध्ये. टेक्निशियनने स्वतः टीप लिहायची, अनुभवी टेक्निशियननेच ती तपासायची, ऑफिसातल्या माणसाने नाही, आणि टीपेबरोबर लिहिणाऱ्याचं नाव. माझ्या मते सगळी गोम त्या नावात आहे. आम्ही कामगार माणसं, आमचं नाव कुठेही छापून येत नाही. जगातला दुसरा टेक्निशियन माझ्या टीपेने मशीन चालू करतो आणि त्याला माझं नाव दिसतं, याच्यासारखा मान नाही.

तुमच्या मामांचं नाव त्या टीपेवर लिहा. एवढंच सांगायचं होतं.

---

कुंडईचा_मेंटेनन्सवाला

काका, तुमचं वाचून अंगावर काटा आला. मामांच्या निरोपसमारंभाला आम्ही त्यांना घड्याळ दिलं आणि त्यांच्या डोक्यात काय आहे ते एकानेही विचारलं नाही.

सिस्टिमवाले दादा, बांध घालायचा हे पटलं, पण घालणार कोण? मी दिवसाला १० तास मशीनच्या मागे. लिहिणं हा आमचा पिंड नाही, आणि हेल्पर लोकांत कोणी कोकणीत लिहितो, कोणी हिंदीत, कोणी रोमन अक्षरात.

---

कळंगुटची_ट्रेनिंगवाली

भाऊ, मी कळंगुट पट्ट्यातल्या एका हॉटेलात ट्रेनिंग बघते. आमच्याकडे तर दर ऑक्टोबरला निम्मा स्टाफ नवा असतो, सीझन संपला की गेले, त्यामुळे तुमचं दुःख आमच्या रोजच्या जेवणातलं आहे.

कोणाला लिहायला लावू नका. मी तीन वर्षं तेच करून बघितलं, फॉर्म दिला, 'तुम्हाला काय येतं ते लिहा', कोरे कागद परत आले. माणसाला विचारल्याशिवाय आठवतच नाही की आपल्याला काय येतं. प्रश्न आला की उत्तर आपसूक येतं. म्हणून आमचा नियम आता असा आहे की ज्याने ग्रुपवर प्रश्न विचारला आणि ज्याचं काम त्या उत्तराने झालं, त्यानेच ते पानावर उतरवायचं. सांगणाऱ्याने नाही, विचारणाऱ्याने. त्याला गरज होती, त्यामुळे त्याला नेमकं माहीत असतं की काय कळत नव्हतं. चार ओळी पुरतात, काय झालं, काय बघितलं ज्याचा उपयोग झाला नाही, शेवटी काय निघालं, कोणी सांगितलं. दुसरी ओळ लोक गाळतात पण तीच सगळ्यात कामाची, कारण पुढच्या माणसाचे तेवढे तास वाचतात.

भाषेचं म्हणाल तर कुठल्याही भाषेत लिहू द्या, शुद्धलेखन काढू नका, एकदा काढलंत की परत तो माणूस लिहीत नाही. फक्त पानाच्या वर मशीनचं नाव आणि बिघाडाचे दोन शब्द ठरलेल्या एकाच भाषेत, म्हणजे सर्चमध्ये येतं.

आणि सगळे लिहितील ही आशा सोडा. वेबसाईट लोक कशा वापरतात याचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी २००६ मध्ये मांडलेला एक ढोबळ ठोकताळा आहे की ऑनलाईन समूहात ९० टक्के फक्त वाचतात, ९ टक्के अधूनमधून लिहितात, १ टक्का नेहमी. तो इंटरनेटवरच्या समूहांबद्दल आहे पण माझा अनुभव फार वेगळा नाही. तुमच्या ९० माणसांत चार पाच लिहिणारे निघाले तर खूप झालं, आणि वाचणाऱ्यांना आळशी म्हणू नका, वाचून मशीन चालू केलं म्हणजे काम झालंच की. शिफ्ट बदलताना पाच मिनिटं, 'आज ग्रुपवर काय आलं जे ठेवायला हवं' एवढंच विचारा. तो तुमचा बांध.

---

वेर्ण्यातली_क्यूए

मी फार्मा कंपनीतली आहे, वेर्ण्याला, त्यामुळे माझी काळजी थोडी वेगळी. वरचं सगळं पटतं पण एक भिंत घाला मध्ये. टीप वेगळी आणि एसओपी, म्हणजे कंपनीने लेखी मंजूर केलेली कामाची पद्धत, वेगळी.

आमच्याकडे कोणीतरी जुन्या एसओपीचा फोटो ग्रुपवर टाकतो, चांगल्या मनाने टाकतो, सहा महिन्यांनी तोच फोटो बघून दुसरा कोणीतरी काम करतो, मधल्या काळात एसओपी बदललेली असते. ऑडिटमध्ये हे सापडलं की काय होतं ते विचारू नका. आमच्या क्षेत्रात नोंद कोणी केली, कधी केली, मूळ आहे का, वाचता येते का, बरोबर आहे का हे पाचही सांगता आलं पाहिजे. व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड झालेल्या फोटोला यातलं काहीच लागू होत नाही.

तुम्ही बॉटलिंगवाले, खाण्यापिण्याचं असेल तर तुम्हालाही हे थोडंफार लागू आहे. म्हणून प्रत्येक पानावर तीन गोष्टी घालाच, शेवटचं कधी बघितलं ती तारीख, कोणी बघितलं, आणि ही टीप आहे की मंजूर पद्धत. दर शिफ्टला एफआरएल ड्रेन करायचं ही आज टीप आहे, पण ती खरं तर तुमच्या चेकलिस्टमध्ये जायला हवी ना? मग त्या दिवशी टीपेचं पान बंद करून चेकलिस्टकडे लिंक द्यायची. एकच गोष्ट दोन ठिकाणी राहिली की एक ना एक दिवस ती दोन वेगळ्या गोष्टी होतात.

शिवाय खाजगी फोनवर कंपनीची माहिती आणि कंपनीच्या ग्रुपवर लोकांचे खाजगी नंबर, फोटो, मेडिकल सर्टिफिकेट. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे आता, साहेबांना सांगून ठेवा.

---

डिचोलीकर

मी जरा थंड पाणी ओततो, राग नसावा. आमच्या आधीच्या ऑफिसात ह्याच उत्साहाने विकी काढली होती. आठ महिन्यांत मेली. कारण सांगतो, मॅनेजमेंटने टार्गेट लावलं, प्रत्येकाने महिन्याला पाच पोस्ट. लोकांनी इंटरनेटवरून उचलून चिकटवलं. त्या उकिरड्यात जी दहा खरी पानं होती तीही कोणाला सापडेनात. प्रपोजलमध्ये 'महिन्याला इतकी पानं' असा आकडा चुकूनही घालू नका, साहेब मागतील, तरी घालू नका.

दुसरं कोणी बोलत नाही ते मी बोलतो. जो माणूस कंत्राटावर आहे त्याच्या दृष्टीने त्याला जे येतं तेच त्याचं पोट. ते त्याने फुकट लिहून का द्यावं? आधी त्याला कायम करा, निदान त्याच्या टीपेमुळे काम वाचलं तर वार्षिक रिव्ह्यूमध्ये धरा.

आणि तिसरं, सगळं लिहिता येत नाही. मायकेल पोलान्यी नावाचे तत्त्वज्ञ म्हणून गेले की माणसाला जेवढं सांगता येतं त्यापेक्षा जास्त माहीत असतं. आमच्याकडे २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा मी वर्कशॉपमध्ये होतो. डंपरचे असे मेकॅनिक होते की इंजिनाचा आवाज ऐकून सांगायचे कुठला इंजेक्टर गेला. काही गाडी विकून दुकान टाकून बसले, काही गल्फला गेले, आणि २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ८८ लीजं रद्द केल्यावर उरलेलेही पांगले. ते ज्ञान कुठल्या विकीत मावलं नसतं. ते एका पोराला दोन वर्षं शेजारी उभं करूनच मिळतं. नोनाका नावाच्या जपानी प्राध्यापकांनी हेच मांडलंय, डोक्यातलं ज्ञान आधी माणसाकडून माणसाकडे जातं, सोबत राहून, मग त्यातलं थोडं शब्दांत येतं, ते शब्द जुळवून पद्धत बनते आणि ती पद्धत वापरून वापरून परत हातात मुरते. तुमचं टीम्स नि शेअरपॉइंट मधल्या दोन पायऱ्यांना उपयोगी. पहिल्या आणि शेवटच्या पायरीला माणूसच लागतो. मामांना आठवड्यातून एक दिवस मानधन देऊन बोलवा, स्वस्त पडेल.

---

पर्वरीतला_सिस्टिमवाला

डिचोलीकर, तिन्ही मुद्दे मान्य. फक्त एक जोडतो, माणूसच लागतो हे खरं पण कुठला माणूस हे कळायला साधनच उपयोगी पडतं. ३० जणांच्या वर्कशॉपमध्ये कोणाला काय येतं हे तोंडपाठ असतं, तीन शिफ्टमध्ये नसतं. रात्रपाळीच्या पोराला दिवसपाळीतला कोण लेबलिंगमध्ये हुशार आहे हे माहीतच नसतं. उघड्या चॅनलवर प्रश्नोत्तरं झाली की ते आपोआप दिसतं. म्हणून खाजगी मेसेजवर मदत मागू नका, चॅनलवर मागा, ही सवय लावा. माझ्या मते या साधनांचा सगळ्यात मोठा फायदा हाच, पानांपेक्षाही मोठा.

---

कुंडईचा_मेंटेनन्सवाला

तीन आठवड्यांनी परत आलोय, तुमच्यामुळे बरंच पुढे सरकलं म्हणून सांगायला.

प्रपोजल एका पानाचं दिलं. नवीन काही खरेदी नाही. व्हॉट्सॲप राहील, पण सहाचे दोन ग्रुप. बिघाडाचा प्रश्न टीम्सच्या एकाच उघड्या चॅनलवर, ज्यांना टाईप करायचं नाही त्यांनी व्हॉइस मेसेज टाकावा, पण ज्याचं काम झालं त्याने शिफ्ट संपायच्या आत चार ओळी पानावर, ताईंनी सांगितल्याप्रमाणे. पानावर तारीख, नाव, आणि टीप की मंजूर पद्धत ते. प्रत्येक मशीनवर क्यूआर कोडचा स्टिकर, स्कॅन केला की त्या मशीनचीच पानं. टार्गेट नाही. साहेबांनी आकडा मागितलाच, मी म्हटलं आकडा पानांचा नको, एकाच कारणाने लाईन दुसऱ्यांदा किती वेळा थांबली तो धरा. ते त्यांना पटलं.

मामा दोन रविवार आले. मानधन मंजूर झालं, थोडं आहे पण मंजूर झालं. त्यांना आम्ही बसवून विचारलं नाही, लाईनवरून नुसतं चालत गेलो आणि पोरांनी प्रश्न विचारले. एका रविवारात ११ पानं झाली.

आणि ऐका, ती पानं एकत्र वाचताना एक गोष्ट दिसली जी इतकी वर्षं कोणाला दिसली नव्हती. कॅपिंगचा सोलेनॉइड, लेबलिंगचा सिलिंडर आणि रिजेक्शनचा पुशर, तिन्ही वेगळ्या माणसांनी वेगळ्या वेळी सांगितलेल्या टीपा, तिन्हींच्या मुळाशी लाईनमधलं पाणी. म्हणून कॉम्प्रेसर रूममध्ये जाऊन हवेतलं पाणी काढणारा एअर ड्रायर उघडला तर त्याचा ऑटो ड्रेन व्हॉल्व्ह गंजून बंद. कधीपासून ते देव जाणे. मामा वाट्या रिकाम्या करत राहिले म्हणून लाईन चालत राहिली. मामांना दाखवला तर ते कितीतरी वेळ त्या व्हॉल्व्हकडे बघत उभे होते, मग म्हणाले, ड्रायर माझ्याकडे नव्हता ना, तो युटिलिटीवाल्यांचा.

नवीन व्हॉल्व्ह बसवला. युटिलिटीच्या लोकांना आता आमच्या चॅनलवर घेतलंय. देव बरें करूं सगळ्यांचं.

---

म्हापशाचे_काका

नाव घातलं ना पानावर?

---

कुंडईचा_मेंटेनन्सवाला

घातलं काका. मामांचं, आणि ज्या हेल्परने तो व्हॉइस मेसेज जपून ठेवला होता त्याचंही.

---

वेर्ण्यातली_क्यूए

मस्त. आता ऑटो ड्रेनची तपासणी प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्सच्या शेड्यूलमध्ये घाला, आणि दर शिफ्टला ड्रेन करायच्या टीपेवर नवीन तारीख टाका. व्हॉल्व्ह नवा आहे म्हणून ती काढून टाकू नका, एक पावसाळा जाऊ दे.